तारेला टोचलेली पत्रं आणि समीक्षकाची कारकीर्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांना आपल्याच गावच्या एका दिवंगत समीक्षकावर काम करायचं आहे. या गृहस्थांनी दोन लेखकांची चरित्रं लिहिली, समीक्षेची चार पुस्तकं काढली आणि आयुष्यभर मास्तरकी केली. मार्गदर्शक म्हणतात, ‘समीक्षकाला कसलं आलंय चरित्र? पुस्तकांची यादी द्या, एकेका पुस्तकावर एकेक प्रकरण करा आणि मोकळे व्हा.’ तर समीक्षकाची कारकीर्द आणि त्याचं झालेलं स्वागत यावर खरंच काही लिहिण्यासारखं असतं का? आणि सुरुवात कुठून करायची?

मार्गदर्शकांचं ऐकलंत तर प्रबंध होईल, मौखिकी होईल, पेढे वाटले जातील. प्रबंधात माणूस मात्र येणार नाही, आणि मला भीती अशी की समीक्षाही येणार नाही. मी तीसेक वर्षं अंबाजोगाई-नांदेड पट्ट्यात मराठी शिकवलं. परभणीच्या एका शिक्षक-समीक्षकाचं चरित्र लिहिलं, दुसरं एक अर्धवट पडून आहे. त्यात जे शिकले आणि जिथे चुकले ते सांगते. कादंबरीकाराचं आयुष्य शोधायला त्याच्या कादंबऱ्यांकडे जावं लागतं. समीक्षकाचं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या पुस्तकांत आणि दुसऱ्यांच्या रागा-लोभात विखुरलेलं असतं. ते गोळा करत फिरायची तयारी असेल तरच हात घाला.

कारकीर्द म्हणजे काही नोकरीचा तक्ता नव्हे. तरी आपल्याकडे सुरुवात त्या तक्त्यापासूनच करावी, कारण मराठवाड्यात लिहून पोट भरणारा समीक्षक झालाच नाही. सगळे मास्तर. कोण कुठल्या साली कुठल्या गावी नोकरीला होतं यावर त्याच्या हाती कुठली पुस्तकं पडली हे ठरत होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथलं माध्यम उर्दू. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली. त्याच साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ साली. म्हणजे १९४५ला मॅट्रिक झालेला समीक्षक आणि १९६०ला मॅट्रिक झालेला समीक्षक एकाच गल्लीत राहत असले तरी दोन वेगळ्या जगांतून आलेले असतात. पहिल्याला गालिब तोंडपाठ असतो आणि मराठी शुद्धलेखन चाळिशीपर्यंत छळत असतं. दुसऱ्याच्या हाती ‘सत्यकथा’ मासिक वेळेवर पडलेलं असतं. तुमचे समीक्षक यातले कोणते, हे आधी ठरवा.

कुरुंदकरांचं उदाहरण घेते. ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, म्हणूनच घेते. नरहर कुरुंदकरांचं आयुष्य तक्त्यात घाला: जन्म १५ जुलै १९३२, हैदराबादला मामांकडे शिक्षण, इंटरला नापास, नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, उशिरा मिळवलेल्या पदव्या, पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, तिथेच प्राचार्य, १० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादला व्यासपीठावरच हृदयविकाराने मृत्यू. वय पन्नाससुद्धा नाही. संपलं. आता यातली एकच नोंद चिमटीत धरा, इंटर नापास. गौरवग्रंथवाले ही नोंद कौतुकाने सांगतात: ‘पाहा, परीक्षेत नापास आणि विद्वत्तेत पास.’ सभेत टाळी मिळते. चरित्रकाराने मात्र विचारायला हवं की नापास होत असताना हा मुलगा वाचत काय होता. मामा म्हणजे उस्मानियात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांची तुलना करणारे. त्या घरात महाभारत हा रोजच्या गप्पांचा विषय. पुढे कुरुंदकर महाभारतावर, मनुस्मृतीवर, भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलायला उभे राहिले की ऐकणारा चकित व्हायचा. त्याचं मूळ मला इंटरच्या निकालात नाही, मामांच्या कपाटात दिसतं. तक्त्यातली नोंद तिच्या मागच्या खोलीपर्यंत नेऊन सोडली नाही तर ती नुसती दंतकथा होऊन बसते.

आता त्यांचं स्वागत. ‘रूपवेध’ आणि ‘पायवाट’ ही समीक्षेची पुस्तकं, मराठी कादंबरीवरचं ‘धार आणि काठ’ (१९७१), आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावरचं पुस्तक, हे सगळं साहित्य-समीक्षकाचं काम. ‘जागर’ (१९६९) आणि ‘शिवरात्र’ ही राजकीय-सामाजिक लेखांची पुस्तकं. माझ्या वर्गात दर वर्षी विचारायची, कुरुंदकरांचं काय वाचलंय? बहुतेक हात ‘जागर’ला वर व्हायचे, ‘रूपवेध’ला एखादाच, तोही नेट-सेट परीक्षांच्या भीतीने. आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने, आपण कुरुंदकर वाचतोय हे माहीत नसताना, त्यांचं एक लेखन वाचलेलं असायचं: ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना. रणजित देसाईंना शिवाजी महाराजांविषयी लिहिलेलं ते दीर्घ पत्र कादंबरीच्या तोंडी छापलं गेलं आणि कादंबरीबरोबर गावोगावच्या वाचनालयांत पोचलं. एका समीक्षकाचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन दुसऱ्याच्या कादंबरीत आहे, आणि ते समीक्षा म्हणून कुणी वाचतही नाही. तुमच्या प्रबंधाला ‘स्वागत’ नावाचं प्रकरण असेल तर ते असल्या ठिकाणी सुरू होतं.

विचारवंत कुरुंदकरांनी समीक्षक कुरुंदकरांना झाकून टाकलं असं माझं मत आहे, आणि त्याला मराठवाड्याची सवय कारणीभूत आहे. आपण ऐकणारी माणसं. कीर्तन, गणेशोत्सवातली व्याख्यानं, शिक्षकांची शिबिरं, राष्ट्र सेवा दलाचे मेळावे, एस.टी. स्टँडपासून सायकलवर नेऊन आणलेले वक्ते. कुरुंदकर तालुक्या-तालुक्यात बोलले. ज्यांनी ऐकलं त्यांनी पुस्तकं विकत घेतली. पण ऐकलेलं असायचं गांधी, धर्मनिरपेक्षता, हैदराबादचा लढा. रससिद्धांतावर बोला म्हणून कुठलं गणेश मंडळ आमंत्रण देणार? त्यांची वाक्यरचनाही बोलण्याची आहे. प्रश्न स्वतःच उभा करायचा, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या रीतीने मांडून दाखवायचं आणि मग सावकाश उलटवायचं. छापील पानावरसुद्धा कुणी बाकावर पुढे सरकून ऐकतंय असं वाटतं. अशा लेखकाचं स्वागत नुसत्या छापील परीक्षणांतून मोजायला गेलात तर निम्म्याहून अधिक निसटेल. त्यासाठी सभेला हजर असलेली माणसं शोधावी लागतात, आणि ती आता सत्तरीच्या पुढची आहेत. उशीर करू नका.

अजून एक धोका. कुरुंदकर गेल्यावर त्यांची विखुरलेली भाषणं, प्रस्तावना, लेख गोळा होऊन पुस्तकांवर पुस्तकं निघाली. निघायलाच हवी होती. पण नवखा संशोधक प्रकाशनवर्षांप्रमाणे ‘विचारांचा विकास’ दाखवायला बसतो आणि मृत्यूनंतरच्या दशकात समीक्षकाची भूमिका बदलल्याचं सिद्ध करून मोकळा होतो. हसू नका, असा एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला होता. प्रत्येक लेखाचं पहिलं छापलं जाणं कुठे, कधी, कोणत्या निमित्ताने, हे शोधल्याशिवाय एक ओळही पुढे सरकायची नाही.

सगळ्यांचं स्वागत असं सभेतून होत नाही. वा. ल. कुलकर्णी मुंबईकडून औरंगाबादच्या विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख म्हणून आले. त्यांच्या पुस्तकांची नावंच पाहा: ‘वामन मल्हार : वाङ्मयदर्शन’, ‘श्रीपाद कृष्ण : वाङ्मयदर्शन’. लेखकाचं नाव, मग दोन टिंबं, मग वाङ्मय. चरित्राला दारातच थांबवलंय. त्यांचा ठसा शोधायचा तर विद्यार्थ्यांच्या लेखनात शोधावा लागतो, कोण कवितेची ओळ कशी उलगडून दाखवतो त्या पद्धतीत. गंगाधर पानतावण्यांचं तिसरंच. दलित साहित्याचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवणारा समीक्षक नव्या लेखकाला आधी छापतो, मग त्याच्यावर लिहितो, आणि त्या लेखकांच्या पहिल्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिकांत आणि ऋणनिर्देशांत त्याचं स्वागत नोंदलं जातं. डॉ. सुधीर रसाळांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला २०२४चा, विंदा करंदीकरांच्या गद्यावरच्या पुस्तकाला. ‘कविता आणि प्रतिमा’ त्याआधी कितीतरी वर्षं मराठीचे विद्यार्थी वापरत होते. पुरस्काराच्या सालावरून कारकिर्दीचा कळस ठरवायचा नाही, एवढंच यातून घ्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे. इथे जरा रेंगाळते, कारण पद्धतीच्या पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही.

माझ्या चरित्रनायकाला आम्ही गुरुजी म्हणायचो, इथेही तेच म्हणते. त्यांच्या परभणीच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक तार लटकलेली होती. खाली लाकडाची चकती, वर आकडा. पत्र आलं, वाचलं, उत्तर दिलं की तारेत टोचायचं. त्या पिढीच्या घराघरांत हे असायचं. दोनेकशे पोस्टकार्डं आणि आंतर्देशीय पत्रं, तेलकट धुरानं कडा पिवळ्या झालेल्या. मी काय केलं असेल? धूळ झटकावी म्हणून सगळी तारेतून ओढून काढली आणि सतरंजीवर पसरली. संध्याकाळी लक्षात आलं की निम्म्या पत्रांवर तारीखच नाही. ‘आपला’ म्हणून सही करणाऱ्या थोर लेखकांना तारीख घालायची सवय नव्हती, पोस्टाचे शिक्के पुसून गेलेले. क्रम होता तो तारेत होता, जुनं खाली, नवं वर. तो मी पाच मिनिटांत मोडला. पुढचं दीड वर्ष तो जुळवण्यात गेलं आणि पुरता कधी जुळला नाही.

त्या तारेने अजून एक धडा दिला. प्रत्येक कार्डाच्या साधारण मध्यावर भोक असतं. एका नामवंत कादंबरीकाराच्या कादंबरीवर गुरुजींनी कडक परीक्षण लिहिलं होतं, त्यावर त्यांचं कार्ड आलेलं. ‘आपले परीक्षण दोनदा वाचले. शेवटाविषयी आपण जे म्हणता ते मला’, पुढे भोक, मग ‘न्य आहे.’ मान्य की अमान्य? फाटलेली जागा दोन्हीला पुरेल अशी. समीक्षकाच्या आयुष्यातला मोठा क्षण, आणि नेमकं तिथे भोक. भिंगातून पाहिलं, उजेडाला धरलं, शाईचा एक तुकडा दिसला, त्यावरून काहीच ठरेना. शेवटी पुस्तकात मी ती जागा मोकळी सोडली. एका परीक्षणकर्त्याने ती मुद्रणदोषांच्या यादीत घातली. चालायचंच.

पत्रांनंतर छापील स्वागत. परीक्षणं तुम्ही गोळा करालच. त्याआधी ‘साभार पोच’ बघा. मासिकांच्या शेवटच्या पानांवर बारीक टायपात आलेल्या पुस्तकांची यादी असायची, तीच. कुठल्या मासिकाकडे पुस्तक पाठवलं होतं, पोच कधी छापली आणि नंतर परीक्षण आलंच नाही, हे त्या यादीतून कळतं. गुरुजींच्या दुसऱ्या पुस्तकाची पोच चार ठिकाणी छापली आहे, परीक्षण एका ठिकाणी, तेही आपल्याच भागातल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत. पुण्या-मुंबईने दखल घेतली नाही अशी तक्रार आपण मराठवाड्यात उठल्याबसल्या करतो. ती खरी असेल तर पोचेच्या यादीतून दाखवता येते. पुस्तकच पाठवलं नव्हतं असंही कधी निघतं, आणि मग तक्रार गिळावी लागते. मला गिळावी लागली आहे.

परीक्षण सापडलं की ते कुणी लिहिलं, किती महिन्यांनी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याच्या पुस्तकाला तुमच्या समीक्षकांनी आधी प्रस्तावना दिली होती का, हे तिन्ही पाहा. प्रस्तावना मोजाच. आपल्याकडे ज्येष्ठ समीक्षक प्रस्तावना नाकारत नाहीत. समोर विद्यार्थी बसलेला असतो, त्याच्या हातात पेढ्याचा पुडा असतो. गुरुजींच्या मी सव्वीस मोजल्या. त्यातल्या विसेक मायेने लिहिलेल्या आहेत, समीक्षा म्हणून त्यांत काही नाही. राहिलेल्या पाच-सहा मात्र त्यांच्या चारही पुस्तकांपेक्षा चांगल्या आहेत. हे मी लिहिलं तेव्हा त्यांचे दोन विद्यार्थी माझ्याशी बोलेनासे झाले. विसातले असणार.

मग पुस्तक ‘लागणं’. बी.ए.ला पुस्तक लागलं की तीन वर्षं हजारोंनी खपतं, बाजारात गाईड येतं, अभ्यासक्रम बदलला की प्रती रद्दीच्या ढिगात जातात. गुरुजींनी लिहिलेलं एका कवीचं चरित्र असं लागलं होतं. औरंगाबादच्या गुलमंडीवर आणि नांदेडला जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर मी त्याच्या वापरलेल्या नऊ प्रती जमवल्या. कुणाला हसू येईल, पण स्वागताचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. नऊच्या नऊ प्रतींत कवीचा जन्म, शिक्षण, पुरस्कार यांखाली रेघा आणि समासात ‘आयएमपी’. कवितेच्या विवेचनाची पानं कोरी करकरीत. एका प्रतीत फक्त एका पोरीने, अक्षर पोरीचं वाटतं, कवितेवरच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, ‘हे खरं वाटत नाही’. ते वाक्य मी चरित्रात छापलंय. गुरुजी असते तर त्यांना त्या एका ओळीचा आनंद कुठल्याही शाल-श्रीफळापेक्षा जास्त झाला असता.

तुमचे समीक्षक स्वतः चरित्रकारही होते, म्हणून सांगते: दुसऱ्याचं चरित्र लिहिताना माणूस काय वगळतो ते टिपा. गुरुजींनी कवीचं कर्जबाजारीपण एका ओळीत उरकलं होतं. साधनं नसतील असं मला आधी वाटलं. मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माळ्यावरून एक ट्रंक काढून दिली. आत किराणा दुकानदाराची उधारीची वही आणि दुधाच्या हिशेबाच्या वह्या. कवीच्या कर्जावर गुरुजींना का लिहवलं नसेल ते वेगळं विचारायची गरज उरली नाही. तो निष्कर्ष मी पुस्तकात काढला नाही, दोन गोष्टी एकाच पानावर ठेवल्या आणि पुढे गेले.

दुधाच्या त्या वह्यांनी मला अजून काय दिलं पाहा. काकूंना गुरुजींच्या व्याख्यानांविषयी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘काय विचारायलात बाई, ते घरी होतेच कुठं? मला काय सांगून जायचे का?’ तारखा आठवायचा प्रश्नच नव्हता. पण गुरुजी परगावी असले की त्या दिवशी पाव लिटर दूध कमी घेतलेलं असायचं, वहीत तसं मांडलेलं. त्या कमी दुधाच्या तारखा एका बाजूला, वर्तमानपत्रांतल्या व्याख्यानांच्या बातम्या दुसऱ्या बाजूला. दहा वर्षांचा प्रवास उभा राहिला. काही तारखांना दूध कमी आहे आणि बातमी कुठेच नाही. तिथे मी तर्क केला नाही. समीक्षकालाही बातमीबाहेर जायचा हक्क आहे.

तारखांच्या बाबतीत आपल्या भागात चार खड्डे आहेत. पहिला, जन्मतारीख. त्या पिढीत शाळेत नाव घालताना पंतोजी अंदाजाने १ जून लिहून टाकत. १ जून दिसला की थांबा, घरी पंचांगातली तिथी कुणी सांगतं का बघा. दुसरा, निजामी दाखल्यांवर फसली सन, म्हणजे महसुली कालगणनेचं वर्ष असतं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण त्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे एक वर्ष मागेपुढे होऊ शकतं. तिसरा, गावांची आणि जिल्ह्यांची नावं. जुन्या पत्रातलं मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी उस्मानाबादेत. कुरुंदा गाव कुरुंदकरांच्या हयातीत परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली. चौथा खड्डा म्हणजे ‘मसाप’. औरंगाबादच्या माणसाने मसाप लिहिलं तर ती मराठवाडा साहित्य परिषद, १९४३ साली निजामी राजवटीत उभी राहिलेली, ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक काढणारी. पुण्याच्या माणसाने लिहिलं तर महाराष्ट्र साहित्य परिषद. एका पत्रातल्या ‘मसापच्या बैठकीला गेलो होतो’ या वाक्यावर विसंबून मी गुरुजींना पुण्याला नेऊन आणलं होतं. ते गेले होते औरंगाबादला.

आता आठवणी. सगळ्यात गोड आणि सगळ्यात निसरड्या. गुरुजींच्या जिंतूरच्या एका भाषणाची गोष्ट मला तिघांनी सांगितली. एक म्हणाले, वीज गेली आणि गुरुजी अंधारात दोन तास बोलले. दुसरे म्हणाले, वीज गेली, कंदील आणला आणि अर्ध्या तासात आटोपलं. तिसरे म्हणाले, वीज गेलीच नाही, माइक बिघडला होता. मी आधी तिघांची सरासरी काढून एक सुबक प्रसंग लिहिला होता. मग खोडला. आपल्याच परंपरेत याचं उत्तर सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी जमवताना ज्याने पाहिलं, ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. पुढे मूळ पोथी हरवली, आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभं करावं लागलं. तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातले पाठ ते काम करणाऱ्यांनी एकमेकांत कालवले नाहीत, अमक्याची ‘वासना’ (म्हणजे स्मरणातला पाठ) अशी, तमक्याची तशी, अशी नोंद ठेवली. मीही तेच केलं. तिन्ही आठवणी नावानिशी एकाखाली एक. वाचकाला कळतं की जिंतूरला त्या दिवशी काहीतरी बिघडलं होतं आणि गुरुजी तरीही बोलले.

भांडणं टाळू नका. समीक्षकाच्या कारकिर्दीत भांडण हाच घटनाक्रम असतो. पण एका बाजूचं कात्रण मिळालं म्हणून लिहायला बसू नका, प्रत्युत्तर पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या अंकात असतं. ते अंक मिळवणं अवघड आहे. एका जुन्या ग्रंथालयाने, नाव घेत नाही, दैनिकांचे वीस-बावीस वर्षांचे बांधीव गठ्ठे जागा नाही म्हणून रद्दीत घातले. मी पोचले तेव्हा रिकाम्या रॅकवर वाळवीची माती होती. ग्रंथपाल सज्जन माणूस, त्यानेही चहाच पाजला. आता मी ज्या गावी जाते तिथे आधी जुने वर्गणीदार शोधते. निवृत्त तलाठी, होमिओपॅथीचे डॉक्टर, खादी भांडारवाले, असल्या माणसांकडे मासिकांच्या फायली निघतात. लेखकांकडे सहसा निघत नाहीत, ते फक्त स्वतःचा लेख कापून ठेवतात.

मार्गदर्शकांना दुखवायचं नसेल तर त्यांची यादी परिशिष्टात द्या, खूश होतील. मुख्य भागात पुस्तकागणिक प्रकरणं पाडू नका. प्रकरणं माणसांवर पाडा: ज्याच्यावर यांनी लिहिलं तो लेखक, ज्याने यांना उत्तर दिलं तो, ज्या विद्यार्थ्याने यांचं मत स्वतःचं म्हणून छापलं तो, आणि ज्याने आयुष्यभर यांचा उल्लेख टाळला तो. शेवटचा शोधायला वेळ लागतो, पण एकदा सापडला की समीक्षकाचं वजन नेमकं कळतं.

आणि पहिली फेरी दिवाळीच्या आधी करा. घर झाडायला काढलं की माळ्यावरचा कागद पहिल्यांदा खाली येतो, आणि रद्दीवाला त्याच दिवसांत गल्लीत फिरत असतो. घरच्यांना सांगा, दुधाची, किराण्याची, लाइट बिलाची वहीसुद्धा टाकू नका. भिंतीला तार दिसली तर हात लावायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मग वरून एकेक कार्ड काढून मागे पेन्सिलीने आकडा घाला. पेनने नाही, शाई पलीकडे उतरते.